शेडमधला दाताळ पाणबुड्या

फायबरची धूळ अंगाला लागली की दोनदा आंघोळ केली तरी चार दिवस खाजत राहते. आमच्या शेडमधले किस्से तसेच आहेत. कितीही झटका, कुठंतरी चिकटून राहतात. लातूरच्या बाहेर, नांदेड रस्त्याला आमचं पुतळ्यांचं शेड आहे. नववीत शाळा सोडून मी इथं आलो, त्याला आठ वर्षं झाली. चार माणसांत बोलायला मला जमत नाही, म्हणून साचे काढणं आणि घासणं ही कामं माझ्याकडे. आता सांगतोय ती धूळ एका पक्ष्याची आहे.

*

आधी नामदेवकाकांचं सांगतो. काका मुरुडचे, जन्मभर मूर्ती घडवणारे. त्यांचा एक नियम आहे. पुतळ्याचे डोळे सगळ्यात शेवटी रंगवायचे. याला ते 'डोळे उघडणं' म्हणतात. एकदा डोळे उघडले की त्या अंगाला हत्यार लावायचं नाही.

त्यांच्याच गावातल्या एका घरानं आजोबांचा पुतळा करून घेतला. न्यायला आले तेव्हा म्हणाले, मिशी तेवढी बारीक करा. काका म्हणाले, "आता ते बघून राहिले. बघणाऱ्या माणसाची मिशी कापू का?"

आजोबा अजून अंगणात जाड मिशीत उभे आहेत.

*

नांदेडच्या एका शाळेला बागेत डायनासोर हवे होते. सहा डायनासोर आणि त्या काळातला एक पक्षी. नाव हेस्परॉर्निस. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी चित्रं आणि माहितीचा कागद पाठवला होता. चित्रातल्या पक्ष्याच्या चोचीत दात होते.

काकांच्या मते ती छापणाऱ्याची चूक होती. त्यांनी गरुड केले होते, मोर केले होते, हंस केले होते, दात कुणालाच नव्हते. मी कागद वाचून दाखवला. हा पक्षी उडत नसे. समुद्रात बुडी मारून मासे धरायचा, आणि धरलेला मासा निसटू नये म्हणून दात.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मग आताच्या पाखरांचे कुठं गेले?"

कागदावर ते नव्हतं. त्या दिवसापासून शेडमध्ये मी 'मास्तर' झालो आणि पक्षी 'पाणबुड्या'.

*

जोडकाम उदगीरच्या सलीमभाईंकडे असतं. एका जत्रेच्या राक्षसाचे दात उरले होते, तेच त्यांनी चोचीत वर-खाली गच्च बसवून टाकले. कागदावर तर स्पष्ट होतं की खालच्या चोचीत सगळीकडे दात, वरच्या चोचीत फक्त मागं. वरचं टोक मोकळं.

हे सांगायचं म्हणून मी दोन दिवस त्यांच्या आजूबाजूला फिरलो. तिसऱ्या दिवशी तो कागद, पेनानं गोल करून, पाण्याच्या माठावर चिकटवला. सलीमभाईंनी पाणी प्यायलं, कागद वाचला, माझ्याकडं बघितलं आणि निमूट सगळे दात उपटले.

नवीन दात मी पुट्टीचे केले. बारीक, एकेक हातानं. आठवडा गेला, मान धरली. सलीमभाई रोज येऊन बघायचे. शेवटच्या दिवशी म्हणाले, "काकांना सांग, उत्तर सापडलं. बनवणारा दमला असंल, म्हणून पुढच्या पाखरांना दात दिले न्हाईत."

*

एकदा देवणीचे एक शेतकरी बैलाचा पुतळा सांगायला आले. देवणीकडच्या माणसाला जनावर दिसलं की हात तोंडाकडं जातो, दातावरून वय बघायला. त्यांनी कुणाला न विचारता पाणबुड्याच्या चोचीत बोट घातलं.

"वर पुढं दात न्हाईत. बरोबर हाय. बैलालाबी नसतात."

महिनाभरात माझ्या कामाला पहिल्यांदा कुणीतरी बरोबर म्हटलं होतं. मग त्यांनी खालचे दात नीट चाचपले, काकांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "जनावर गुणी हाय. पण सगळे दात आलेत, वय झालंय. घिऊ नका."

*

बाई एका रविवारी स्वतः येऊन गेल्या. बराच वेळ चोचीत बघत राहिल्या. म्हणाल्या, "मी वर्गात सांगते तेव्हा पोरं हसतात. बाकीचे डायनासोर कसेही असू द्या, हा एक असाच येऊ द्या." मी "हो" म्हणालो. माझ्या हिशेबानं ते फार मोठं भाषण होतं.

सोमवारी शाळेचे अध्यक्ष आले. पक्ष्याला दात बघून पालक हसतील, शाळेची शोभा होईल, म्हणून दात काढा, असं त्यांनी सांगितलं. शेडच्या मालकांनी मान डोलावली. उद्या सकाळी ग्राइंडर मारायचा, दुपारी टेम्पो.

मी ठरवलं, आज बोलायचं. मनात तीन वाक्यं पाठ केली आणि मालकांच्या मागं त्यांच्या मोटरसायकलपर्यंत गेलो. त्यांनी किक मारली, मग माझ्याकडं बघून विचारलं, "काय रे?"

मी म्हणालो, "चहा आणू का?"

*

मंगळवारी सकाळी शेड मी उघडलं. बाकीचे यायला अजून तास होता.

सलीमभाई आले, ग्राइंडरची वायर बोर्डात लावून पाणबुड्याजवळ गेले आणि थबकले. मागून काका आले. पक्ष्याला डोळे होते. दोन्ही, काळेभोर, चमकेच्या पांढऱ्या ठिपक्यासकट.

"कुणी उघडले?" काकांनी विचारलं.

मी हात पाठीमागं घेतले. काकांनी माझ्याकडं बघितलं, पक्ष्याकडं बघितलं आणि जाऊन ग्राइंडरची वायर काढली.

मालक आल्यावर वैतागले. हा काय देव आहे का, कुठल्या जमान्यातला मेलेला पक्षी, असं बरंच बोलले. काका वायर गुंडाळत राहिले.

"असंल, मालक. पण ते आता बघून राहिलं."

शेवटी मालकांनीच अध्यक्षांना फोन लावला. आमच्याकडं एक म्हातारं माणूस आहे, ते हत्यार लावू देत नाही, काय करू, असं काहीबाही सांगितलं. बराच वेळ नुसतं "हो, हो" करत होते. दुपारी टेम्पो नांदेडच्या दिशेनं निघाला. ताडपत्रीतून चोच बाहेर आली होती, दातांसकट.

टेम्पो वळणावर दिसेनासा झाला. काका हात धुवायला बसले. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "डावा जरा तिरपा झालाय, मास्तर. जा, चहा आण."