पुढल्या तीन तासांचा वारा

परळीच्या किराणा दुकानदाराची लेक रुद्राणी लग्न होऊन आष्टीला आली, तेव्हा तालुक्यातल्या माळांवर खाजगी कंपन्यांच्या पवनचक्क्या नुकत्याच उभ्या राहत होत्या. तिचा नवरा वीरेश त्यातल्याच एका कंपनीत दुरुस्तीच्या कामावर होता. ती गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवायची.

दुसऱ्याच उन्हाळ्यात वीरेश जाळीच्या मनोऱ्यावर चढलेला असताना ढग भरून आले आणि वारा एकाएकी उठला. घाईनं उतरताना त्याचा हात सुटला, आणि तो गेला.

माहेरचे न्यायला आले. ती गेली नाही. दिवसकार्य उरकल्यावर तिनं कंपनीचे मॅनेजर आप्पाराव यांना गाठलं. वाऱ्याचा मोजलेला वेग आणि निघालेली वीज यांचे साठवलेले आकडे तिला हवे होते. बाई दुःखानं भ्रमली, असं आप्पारावांना वाटलं. पण पुढल्या तीन तासांत किती वीज निघेल, हे त्यांनाही हवंच होतं. कमी निघणार असेल तेव्हा चक्की थांबवून दुरुस्ती केली, तर नुकसान होत नाही. त्यांनी आकडे दिले.

क्लासच्या कॉम्प्युटरवर ती कामाला लागली. मागचा वारा मशीनला दाखवायचा, पुढची वीज सांगायला लावायची, चुकलं की खरा आकडा द्यायचा. मशीन आपला हिशेब थोडा थोडा बदलत शिकत जाई. हिवाळ्यातले अंदाज बरे उतरू लागले.

वीरेश गेला त्या दिवसाचा वारा तिनं मशीनला मुद्दाम दाखवला नव्हता. एका दुपारी तिनं त्या दिवशीचे सकाळचे आकडे घातले. मशीन म्हणालं, वीज कमीच निघेल. म्हणजे त्यानंही वीरेशला वर धाडलंच असतं. क्लासची मुलं येईपर्यंत ती साठवलेल्या आकड्यांत तसे एकाएकी उठलेले वारे शोधत राहिली; ते मोजकेच होते.

पुढच्या उन्हाळ्यात कंपनीनं तिला अंदाज सांगायच्या कामावर घेतलं. एके दिवशी मशीननं वीज कमी सांगितली. माणसं चढायच्या तयारीत होती, पण मावळतीकडं ढग भरताना दिसले, तशी तिनं त्यांना थांबवलं. ढग आले तसे निघून गेले, वारा उठलाच नाही. दिवस फुकट गेला.

"मशीन सांगतंय, तरी काहून थांबवलं?" आप्पारावांनी विचारलं.

"ढगातला वारा त्यानं लई थोडा बघितलाय साहेब. त्याला काय ठावं न्हाई, ते बी मीच सांगायला पाहिजे."

आप्पाराव नाराजच राहिले, पण ढग असताना कुणाला वर चढवायचं नाही, हा तिचा नियम त्यांनी मोडला नाही.

दुसऱ्या दिवशी आभाळ निवळ होतं. वीरेशचा जोडीदार गहिनीनाथ कमरेला पट्टा आवळून तिच्यापाशी आला.

"वहिनी, चढू का?"

तिनं पडद्यावरचा आकडा पाहिला, बाहेर येऊन आभाळ पाहिलं.

"चढा, भावजी."

तो खाली उतरेपर्यंत ती मनोऱ्याच्या पायथ्याशी उभी होती.