उशी कुणाकडं थांबवायची

उशी तिसऱ्यांदा त्याच पोरीकडं थांबली, तेव्हा माझी गोलाकडं पाठ होती. हात मात्र नॉबवर होता. गाणं मीच थांबवलं होतं.

मी साउंडवाला. पंचवटीत राहतो. शाळा सातवीपर्यंत, तीही रडतखडत. लग्न, बारसं, गणपती, कॉलेजचं गॅदरिंग, जिथं माणसं जमतात तिथं माझे बॉक्स लागतात. बॉक्स म्हणजे मोठे स्पीकर, आणि मशीन म्हणजे त्यांना आवाज पुरवणारा अॅम्प्लिफायर. पण लोक मला नाव घेऊन बोलवायचे ते दुसऱ्याच कामासाठी. संगीत खुर्ची आणि उशी पास. सगळ्यांनी गोल करून बसायचं. गाणं वाजतंय तोवर उशी हातोहात फिरते. गाणं थांबलं की जिच्या किंवा ज्याच्या मांडीवर उशी, त्यानं मधे यायचं, चिठ्ठी उचलायची आणि तीत लिहिलंय ते करून दाखवायचं. लोकांना वाटतं खेळ उशीचा आहे. खेळ गाणं थांबवणाऱ्याचा आहे.

मी गोलाकडं पाठ करून उभा राहायचो. कुणी म्हणायला नको की तात्यानं बघून थांबवलं. मंडळाची पोरं म्हणायची, "तात्या असले की भांडण नाही." मलाही त्याचा मोठा अभिमान. पण खरी गोष्ट अशी की माझी पाठ असायची आणि इंदूचं तोंड असायचं.

इंदू माझी बायको. प्रत्येक कामाला बरोबर यायची. मशीनच्या पेटीवर बसायची, गोलाकडं बघत, आणि माझ्या शर्टाचं टोक तिच्या मुठीत. तिनं ओढलं की मी थांबवायचो. नाही ओढलं तर वाजू द्यायचं. तिचं गणित साधं होतं. एखादं पोर उशी विस्तवासारखी फेकतंय, म्हणजे घाबरलंय. त्याच्याकडं गाणं थांबवायचं नाही. एखादा उशी कवटाळून बसतो, सोडता सोडत नाही. त्याला मिरवायचंय. तिथं ओढायचं. "अहो, ज्याला नाचायचंय त्याला नाचू द्या की," म्हणायची. "ज्याला नाही, त्याला कशाला सोलायचं?" मग दोन-चार येडे नाचून गेले की ते घाबरलेलं पोर हसायला लागायचं. उशी हातात आली की जरा जास्त वेळ धरायचं. अगदी जरासंच. ते तिला दिसायचं. तेव्हा ती ओढायची.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. किडनी. मी कामं बंद केली नाहीत. घरात बसून करू काय? मन रमवा, मन रमवा म्हणणारे लय भेटतात. मन म्हणजे काय पाळण्यातलं पोर आहे, खुळखुळा वाजवला की गप्प बसेल?

तर हे काम आलं त्र्यंबक रोडकडच्या एका नर्सिंग कॉलेजचं. नव्या बॅचचा पहिला दिवस. कोऑर्डिनेटर सर तरुण होते, गळ्यात आयकार्ड, चालणं घाईचं.

"काका, आज आइसब्रेकर घ्यायचेत."

"म्हणजे काय?"

"नवीन मुलं अवघडलेली असतात ना. खेळ घ्यायचे, बोलतं करायचं. बर्फ फोडायचा."

"उशी पासच ना?"

"हो, पिलो पासिंग."

"मग उशी पास म्हणा की."

सर हसले. "तुम्ही म्हणे पाठ करून उभे राहता? छान. मी तुमच्या समोर उभा राहतो. मी हात वर केला की म्युझिक बंद."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इंदू गेल्यापासून नॉब कधी फिरवायचा तेच कळेनासं झालं होतं. हात नुसता ठेवून उभा राहायचो, शर्ट ओढण्याची वाट बघत. आता निदान खूण करणारं कुणीतरी होतं.

हॉलमध्ये वायर टाकत होतो तेव्हा एक पोरगी जवळ येऊन उभी राहिली. केसाला चपचपीत तेल, नवा पांढरा युनिफॉर्म, घड्या मोडलेल्या नव्हत्या.

"बाबा, गाणं तुमीच बंद करणार ना?"

"हो. वायरवरून पाय काढ."

तिनं पाय काढला. गेली नाही.

"माझ्याकडं उशी आली तर नका थांबवू. आजच्या दिवस फक्त."

"का?"

"मला उभं राहून बोलता येत नाय. आमचं बोलणं ऐकून हसतात. सकाळी ऑफिसात बी हसले."

"कुठली गं तू?"

"सुरगाण्याकडची. हिरा." मग एकदम म्हणाली, "बाप म्हणलाय, नाय करमलं तर शनिवारच्या जीपनं परत ये, द्राक्षाच्या कामाला माणूस कमीच हाय. मला नाय जायचं तिकडं. मला हितंच राहायचंय."

"हसले तर हसू दे. चार दिवसांनी विसरतात."

"तुमाला काय जातंय बोलायला."

पोरगी तिखट होती. इंदूला आवडली असती. मी म्हणालो, "हे बघ, मी पाठ करून उभा असतो. माझ्या मागं उशी कुणाकडं आहे, मला दिसत नाही."

"मग कुणाला दिसतं?"

मी वाकून दुसरी वायर घेतली.

खेळ सुरू झाला. मी भिंतीकडं तोंड करून उभा, समोर सर. गाणं लावलं. मागं कालवा, खिदळणं, "फेक, फेक!" सरांचा हात वर गेला. मी नॉब फिरवला. चिठ्ठी निघाली, नाव आणि गाव सांगा.

"हिरा," माइकमधून आलं. "गाव..." गाव ऐकूच आलं नाही.

"जोरात! जेवून आली नाहीस का?" कुणीतरी ओरडलं. हशा झाला. मी म्हटलं, असतो एकेकाचा योग.

परत गाणं. परत सरांचा हात. परत हिरा. चिठ्ठी होती, नाचून दाखवा. सर टाळ्या वाजवत म्हणाले, "कमॉन हिरा! सगळ्यांनी टाळ्या!" टाळ्या भरपूर पडल्या. पायांचा आवाज मात्र आला नाही. हॉलला लाकडी फळ्या होत्या. कुणी नाचलं असतं तर मला कळलं असतं.

सरांच्या तोंडाकडं मी बघत होतो. वाईट माणूस नव्हता. आजारी पोराचं नाक दाबून औषध पाजणाऱ्या आईचं तोंड असतं ना, तसं तोंड होतं.

तिसऱ्यांदा हात वर गेला. माझा हात सवयीनं फिरला. चिठ्ठी निघाली, एक मिनिट इंग्लिशमध्ये स्वतःबद्दल बोला.

माइक फार वाईट वस्तू आहे. त्याला शब्द मिळाले नाहीत तर तो श्वास उचलतो. माझ्या दोन्ही बॉक्समधून त्या पोरीचा श्वास हॉलभर घुमायला लागला. आत, बाहेर. आत, बाहेर. मागून एकानं तसाच श्वास काढून दाखवला. सगळे खदाखदा हसले.

मी वळलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, खेळ चालू असताना.

ती मधोमध उभी होती. माइक दोन्ही हातांनी धरलेला. ती हसणाऱ्यांकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती, म्हणजे इतका वेळ माझ्या पाठीकडं. कधीपासून, कुणास ठाऊक.

मी मेन स्विच बंद केला. श्वास तुटला.

"काका, काय झालं?"

"मशीन बसली."

"म्हणजे?"

"जळली. आता काही होत नाही."

"अहो, आत्ता तर चालू होती!"

"माणूसही आत्ता चालू असतो, सर."

माझी मशीन कधी कामात बंद पडली नव्हती. इंदू बायकांत सांगायची, "आमची मशीन नवऱ्यापेक्षा भरवशाची आहे." ती अब्रू मी त्या स्विचबरोबर खाली पाडली. पोरं जरा कुरकुरली आणि समोशांकडं गेली.

वायर गुंडाळता गुंडाळता सरांना विचारलं, "तिन्ही वेळा तीच कशी?"

"मी मुद्दामच करत होतो, काका. जो गप्प बसतो त्यालाच पुढं आणायचं. बोलकी मुलं काय, बोलतातच. तिच्या भल्यासाठीच."

"तिला विचारलं होतं?"

"विचारून कुणी धीट होतं का?"

"ती उशी कशी फेकत होती ते बघितलं?"

"म्हणून तर!" सर म्हणाले. "तीच तर भीती घालवायची होती."

म्हणजे त्यांनाही दिसत होतं. इंदूला जे दिसायचं तेच. फक्त ते बघून शर्ट कधी ओढायचा, ते उलटं शिकले होते. आणि बोलत होते पटण्यासारखं. मी सातवीवाला वायर गुंडाळत राहिलो.

हिरा आली. माइक अजून तिच्या हातातच होता.

"मशीन खरंच जळली?"

"नाही."

"मग आधी का नाय जाळली?"

माइक बॉक्सवर ठेवला, आपटला नाही, नीट ठेवला, आणि गेली.

हिवाळ्यात सरांचा फोन आला. "काका, गॅदरिंगला यंदा दुसरा साउंड सांगितलाय. तुमची मशीन ऐन वेळी धोका देते, वाईट नका वाटून घेऊ."

"बरं."

"आणि ती हिरा सोडून गेली हो. त्याच शनिवारी. अॅडजस्टच झाली नाही. आपण केवढा प्रयत्न केला, तुम्ही पाहिलंत ना?"

"नाही, सर," मी म्हणालो. "माझी पाठ होती."

फोन ठेवला. मग घरात सांगायला कुणी नव्हतं.

आता मी शर्ट आत खोचतो. बाहेर ठेवून कुणासाठी? आणि गोलाकडं तोंड करून उभा राहतो. मंडळाची पोरं आपसात बोलतात, तात्या म्हातारे झाले, आता बघून थांबवतात, लबाडी करतात. करतो. गाणं कुणीतरी बघूनच थांबवत असतं. ते कोण बघतंय, एवढं मशीन जोडायच्या आधी विचारून घ्यावं.