एकही ओरखडा नसलेलं विमान

रविवारची सकाळ. मी उपम्याचा रवा भाजत होते आणि शेजारच्या शेगडीवर माझा नवरा दत्तप्रसाद मोदकपात्रात विमानाचा पंख वाफवत होता. रिमोटवर उडणाऱ्या फोमच्या विमानाला पोचा आला की वाफेवर धरायचं, फोम फुगतो आणि पोचा भरून येतो. मोदकपात्र सासूबाईंचं आहे, हे सांगून मी थकले.

तेवढ्यात दारावर थाप पडली, बेल असताना. उघडलं तर आमच्याच इमारतीतल्या मेश्रामकाकू. दोन्ही हातांत त्यांचं निळं विमान, त्यामुळे दार कोपराने ठोठावलेलं. एरवी रविवारी त्या खाली गाडीपाशी थांबतात.

"भाग्यश्री, हे बघ," त्या म्हणाल्या. "एखादा ओरखडा सापडतो का?"

मी नाकापासून शेपटीपर्यंत पाहिलं. विमान दुकानातून आणलं तसं कोरं होतं. मी आपलं कौतुक केलं, किती जपलंय म्हणून. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी रवा परतायला आत वळले. त्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या.

कांता मेश्राम लग्न होऊन भंडाऱ्याहून विश्रांतवाडीत आल्या. नवरा कारखान्यात फिरत्या पाळीवर, शिकवायला कोण येणार? लुना त्या आळंदी रस्त्यावर एकट्या शिकल्या, पडत पडत. गुडघ्यावरचा वण अजून दागिना दाखवावा तसा दाखवतात. सरकारी दवाखान्यात लोकांच्या मोडक्या हाडांचे एक्स-रे काढून निवृत्त झाल्या. काका गेल्यावर मुलीने 'आई, आता आराम कर' म्हटलं, तर म्हणे आरामाने पाठ दुखते. एकदा जिन्यात दत्तप्रसादच्या हातात विमान दिसलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, हे उलटं उडतं का? तो म्हणाला, उडवणाऱ्याला येत असेल तर.

झालं. त्यांनी स्वतःचं विमान मागवलं. आपल्याकडे विमानतळ जवळ, इथे उडवायला मनाई. म्हणून दत्तप्रसादची मंडळी दर रविवारी चाकणपलीकडच्या माळावर जातात. काकूही आमच्या गाडीतून जायला लागल्या. साधं उडवणं आणि उतरवणं त्यांना लवकर जमलं. अडलं ते उलटं उडवण्यात.

विमान पाठीवर झालं की सगळाच कारभार उलटा. नाक वर करायचं तर रिमोटची दांडी पुढे ढकलावी लागते. घाबरलेला हात सवयीने ती मागे ओढतो आणि विमान सरळ मातीत जातं. सगळ्यांचं जातं. आयटीतल्या आयुषचं गेलं तेव्हा माळावर टाळ्या पडल्या, चिकटवायला गोंद मिळाला, वर 'आता तू आमच्यातला' म्हणून मिसळही मिळाली. दत्तप्रसादचं पहिलं विमान तर आज नुसत्या चिकटपट्ट्यांनी धरून आहे. ते त्याने हॉलमध्ये टांगलंय, पाहुण्यांना दाखवायला. हा फोम बनवलाच आहे आपटण्यासाठी.

आणि मेश्रामकाकूंचं विमान पाठीवर झालं की काय होतं? शेजारून एक हात येतो. 'काकू, द्या इकडे.' रिमोट गेला. विमान सरळ झालं, उतरलं. काकू रिकाम्या हातांनी उभ्या. वर सगळे म्हणणार, वाचलं बरं का. दर रविवारी. आणि तो हात बहुतेक वेळा माझ्याच नवऱ्याचा. मला गाडी शिकवताना हा माणूस हँडब्रेकवर हात ठेवून बसायचा, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. संताप मात्र आला. तरुण पोराने पाडलं तर शिक्षण, बाईने पाडलं तर नुकसान. कुणी ठरवलं हे? बरं, रिमोट हिसकावून घेणारा वाईटही नाही, म्हणजे भांडायचीसुद्धा सोय नाही.

दत्तप्रसाद पंख पुसत म्हणाला, "काकू, तुमचं विमान वाचावं म्हणूनच करतो हो आम्ही."

"मी कधी म्हटलं वाचवा म्हणून?"

"पडलं असतं ना."

"मंग पडू द्यायचं होतं. आयुषचं पडलं तर टाळ्या वाजवता. माझं झेलून राहिले. लुनावरून पडली तेव्हा कोणी नव्हतं झेलायला, म्हणून तर आली मला लुना."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी रव्यात पाणी ओतलं; इतका आवाज झाला की उत्तर द्यावं लागलं नाही. मग मी गॅस बंद केला आणि त्याला म्हटलं, काकू तुझ्याशी बोलतायत.

त्याने पंख खाली ठेवला. "बरं. काय करू, सांगा."

काकूंनी विमान ओट्यावर मोदकपात्राशेजारी ठेवलं.

"आज माझं विमान पडायला लागलं, तर रिमोटला हात लावू नका."