वाकळीची चूल

एकोणीसशे अठ्ठेचाळीस साल. मी तेवीस वर्षांचा होतो. मृगाच्या तोंडावर, भर दुपारी आम्ही कळमनुरीकडचं आमचं गाव सोडलं. जाळपोळीची धामधूम वाढली होती. शेजारच्या गावचा धूर आमच्या शेतातून दिसायचा. गाडीत ज्वारीची पोती, दगडी जातं आणि त्यावर मायची अर्धी शिवलेली वाकळ. मायनं दाराला कुलूप लावलं आणि कुंजी शेजारच्या बाबूमियाँ पिंजाऱ्याच्या हातात दिली. "दिवाळीला येतो, भाऊ."

बायको, सखू, म्हणाली, "जातं ऱ्हाऊ द्या. बैल थकतीन."

"बैल माझे हायेत," मी म्हटलं.

पैनगंगेच्या उतारावर जातं घसरलं, माझ्या पायावर आदळलं आणि पाण्यात गेलं. सखूनं पदर फाडून माझा पाय बांधला. जात्याबद्दल आजवर बोलली नाही, हे तिचं मोठेपण.

पल्याड वऱ्हाडात एका मालकानं गोठ्याची पडवी दिली. गावाकडचे आणखी लोक होते. गावकऱ्यांनो, तुमच्यातले कितीतरी तिथंच होते, आठवत असंल. सखू निंदणाला जायची. माझा पाय सुजलेला, मायची नजर अधू झालेली. बसून बसून जीव विटला, तेव्हा मी वाकळ पुढ्यात ओढली.

ही वाकळ मायनं बाप वारला त्या साली धरली होती. बापाचा पटका, बहिणीचा परकर, माझं पहिलं कुडतं, सगळं तीत. आमच्याकडं वाकळ कडेपासून शिवत आत जातात. शेवटी मधोमध भाकरीएवढी जागा उरते. माय तिला चूल म्हणायची. तिच्यात भाकरीचा घास ठेवून, आपल्या घरात बसूनच ती मिटवायची, ही आमच्या घरची रीत. परक्या छपराखाली चूल मिटली म्हणजे घर तिथलंच झालं.

"टाका ज्वारीच्या दाण्याएवढा घाल," माय म्हणायची. दिसत नव्हतं, तरी बोट फिरवून सांगायची, "हितं घाई केली. उसव."

मी उसवायचो. शाळा मी दोन बुकांची केली, पण हे शिक्षण मनापासून केलं. दिवसभरात चार बोटं वाकळ पुढं सरकली तर पुष्कळ. तुकडा हाताखाली आला की माय त्याची हकिकत सांगायची. हा तुझ्या बहिणीचा परकर, बाळापूरच्या बाजारातला. त्याच्यासाठी ती दोन दिस जेवली नव्हती. पाऊस पडायचा, गोठ्यातली गुरं रवंथ करायची आणि माझी सुई चालायची. खोटं कशाला बोलू, गाव सुटल्याच्या दुःखात मला एवढंच सुख होतं. पाय बरा झाल्यावरही कामावरून आलो की मी सुई धरायचो.

आमच्याच गावचा संभा म्हणायचा, "काहून रे, आता बांगड्या कधी भरतू?"

"तुझ्या धोतराला ठिगळ लावलं की भरतो," मी म्हणायचो. त्याच्या धोतराला खरंच ठिगळ नव्हतं, नुसतं भोक होतं.

भादव्यात मायला हिवताप भरला. दात वाजायचे. घरात पांघरायला दोन फाटकी पोती. वाकळ चुलीपर्यंत आली होती, अंगावर घेतली असती तर ऊब होती. माय हात लावू देईना.

"मी हिच्यात मेले तं तुमी ही नदीवर टाकून द्याल."

ते खरंच होतं. माणूस ज्या अंथरुणात जातं ते घरात परत घेत नाहीत. सखू पाया पडली, मी ओरडलो, ती पोत्याखाली कुडकुडत राहिली. "घरी गेल्यावर चूल मिटव, मंग घेईन अंगावर," एवढंच. हट्ट माझ्यात कुठून आला ते सखूला तेव्हा कळलं.

तोवर तिकडं फौज शिरून जुनी राजवट गेली होती. लोक परतू लागले होते. एका दुपारी बाबूमियाँ दारात उभा. पायांत काही नाही, मागं बायको-पोरं, डोक्यावर बोचकं. आता सूड त्याच्या जातभाईंवर निघत होता, पळायची पाळी त्याची होती. त्यानं कमरेची कुंजी काढली.

"काकी, अमानत घ्या. कुलूप हाय. दार न्हाई राहिलं."

"आन भिंती?" मायनं विचारलं.

त्यानं नकारार्थी मान हलवून कुंजी तिच्या हातात ठेवली. मायनं कुंजी मुठीत धरली. सखूनं त्याच्या लेकरांना भाकरी दिली, ती खाऊन ते सगळे पुढं निघून गेले. कुठं गेले, मला आजवर कळलं नाही.

मी उरलेल्या भाकरीचा घास मोडला, वाकळीच्या चुलीत ठेवला आणि शिवायला बसलो. मायला दोरा ओढल्याचा आवाज येत होता. तिनं नको म्हटलं नाही. दिवस मावळायच्या आत चूल मिटली. मी वाकळ तिच्या अंगावर घातली. तिनं मधोमध बोट फिरवलं.

"बराबर हाय," म्हणाली. "आता ऊब लागली."

दोन दिवस ती त्या उबेत झोपली. तिसऱ्या दिवशी दुपारी गेली. संभानं खांदा दिला आणि वाकळही त्यानंच उचलली. मला ती नदीवर टाकायचा धीर होईना, पण रीत मोडली नाही. वाकळीतली आमची सगळी माणसं त्या काठावर पडली होती, मायच्या हातच्या टाक्यांत आणि माझ्याही.

तुम्ही गावी परत गेलात. बांधा-बांधावरून मला निरोप धाडलेत, हेकट म्हणालात. असंन मी हेकट. पण माझ्या मायची चूल या पडवीत मिटली. मग घर दुसरीकडं कसं सांगू?

माय गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचं दुसरं लुगडं काढलं. सखूनं एक पदर धरला, मी एक. फाडलं, जमिनीवर पसरलं आणि कडेपासून पहिला टाका घातला, ज्वारीच्या दाण्याएवढा.