नवरात्रात सोडलेली पुडी

नवरात्रात लोणावळ्याच्या माझ्या दवाखान्यात आलेल्या मावशींना धड उभं राहवत नव्हतं, तरी पदर कमरेला खोचलेला होता. रक्तदाब आणि साखर दोन्ही घसरलेली. मूत्रपिंडावरची अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकली म्हणावी, तर कातडी काळवंडलेली नव्हती, रक्तातले क्षारही ठीक होते.

"उपासाचा थकवा हाय," त्या म्हणाल्या. "यंदा गुडघ्याची पुडीबी सोडली. बाजारातली, लय वर्सं घेत हुते."

मी खुर्चीतून उठलोच. पुडीत स्टेरॉइड असणार. ते बाहेरून आयतं मिळाल्यामुळे, एरवी शरीरात तेच बनवणारी ग्रंथी निजली होती, आणि पुडी अचानक बंद झाली. मी लगेच स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं.

तासाभरात मावशींनी चहा मागितला. मी त्याच औषधाची, पण मोजक्या मात्रेची गोळी पुढे केली. "ही उपासालाही सोडायची नाही."

त्यांनी हात जोडून छताकडे पाहिलं. "ऐकलंस न्हवं, आई?" म्हणाल्या आणि गोळी गिळली.