पूर्वीच्या डॉक्टरांना पत्र

माझ्या नवऱ्याला जाऊन आठ महिने झाले होते, तेव्हा मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. आम्ही दोघेही साधे जनरल प्रॅक्टिशनर. मांडवीजवळ एका खोलीत समोरासमोर दोन टेबलं टाकून आम्ही तीस वर्षं ताप, खोकला, जुलाब, खरूज आणि दादर बघितली. दादर म्हणजे नायटा. बडोद्यात आमच्या मराठी घरांतही हाच गुजराती शब्द चालतो. त्याच्या टेबलासमोरची रांग माझ्या रांगेपेक्षा नेहमी लांब असे. एका सकाळी त्याचं हृदय थांबलं आणि ती सगळी रांग माझ्याकडे वळली. तिच्यातली कितीतरी माणसं बाही वर सारून, गळ्याचं बटण काढून चट्टे दाखवायलाच येतात, हे मला तेव्हा कळलं. आणि मला त्वचेतलं फारसं येत नाही, हेही.

त्याला येत होतं, असं मी धरून चालले होते.

जनरल प्रॅक्टिशनरांसाठी त्वचारोगांची एक पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणाने करता येते. मी नाव घातलं. पुण्याहून मुलीने फोनवर विचारलं, "आई, तू ह्या वयात होमवर्क करणार?" मी म्हटलं, "मग काय करू? दुपारी दवाखाना बंद असतो." ते खरंच होतं. एक ते साडेचार ही वेळ आम्ही दोघं डबा खाऊन, पेपर वाचून, एखाद्या रुग्णावरून वाद घालून काढत असू. आता ती वेळ रिकामी आणि फार लांब झाली होती. दुःखात वाचन होत नाही असं लोक म्हणतात. माझं उलटं झालं. मला वाचता तेवढं येत होतं, बाकी काही जमत नव्हतं.

दर आठवड्याला एका रुग्णाचे फोटो येत. आपलं मत लिहून पाठवल्याशिवाय इतरांचं मत दिसत नसे. रविवारी सकाळी पडद्यावर दहा गावांतले दहा डॉक्टर जमत, आणि आमच्या बाई, त्वचारोगाच्या निवृत्त प्राध्यापिका, एकेकाला उभं करत. त्या कधी हसत नसत. उत्तर चुकलं असंही म्हणत नसत. फक्त पुढचा प्रश्न विचारत, आणि त्या प्रश्नातच आपलं काय राहून गेलं ते कळे.

तिसऱ्या महिन्यात मिश्र मलमांचा पाठ आला. ह्या मलमात बुरशीचं औषध असतं, जंतूंचं असतं आणि वर जोरदार स्टिरॉइड असतं. स्टिरॉइडने खाज तीन दिवसांत थांबते, लाली जाते, रुग्ण खूश होतो. खाली बुरशी मात्र निवांत पसरते. गोल चट्ट्याची कड पुसट होते, कातडी पातळ होते, आणि मलम सोडलं की सगळं दुपटीने उसळतं. यातलं काहीच मला नवीन नव्हतं. पुस्तकातली ओळ म्हणून ते प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असतं. तरीही आम्ही ते मलम देत होतो. आमच्या दवाखान्यात तर त्याला नावच पडलं होतं, साहेबांची ट्यूब.

पदविकेसाठी शेवटी आपला स्वतःचा एक रुग्ण मांडायचा असतो, पहिल्या दिवसापासून बरा होईपर्यंत, फोटो आणि तपासणीसह. तो मान्य झाला नाही तर पदविका नाही.

माझी रुग्ण आषाढात आली. लहरीपुऱ्यातल्या एका बोळात ती गरब्याच्या चणिया-चोळ्या शिवते. नवरा कोयलीला रिफायनरीत कंत्राटदाराकडे वेल्डर. तिच्या दोन्ही हातांवर, मानेवर आणि कमरेभोवती चट्टे होते, एकमेकांत मिसळून गेलेले, धड गोलही नाहीत.

"बेन, नवरात्रीला अडीच महिने राहिले," ती म्हणाली. "माप घेताना हात दिसतो ना. काल एक बाई माझा हात बघून कापड परत घेऊन गेली. म्हणे, मुलीची चोळी आहे, अंगाला लागते. ही सिझन गेली तर गिऱ्हाईक कायमचं गेलं."

मी कपाटातून तिचं कार्ड काढलं. दोन वर्षांच्या तारखा होत्या. तारखा बदलत होत्या, ट्यूब तीच होती. अक्षर माझ्या नवऱ्याचं, उजवीकडे झुकलेलं, घाईचं. मधल्या दोन नोंदी माझ्या होत्या. तो गावाला गेला असेल त्या दिवशीच्या. मीही तेच लिहिलं होतं.

कार्ड मी तिच्यासमोरून उचलून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

बुरशीची खात्री करायला चट्ट्याची कड ब्लेडने हलकेच खरवडायची, काचेवर औषधाचा थेंब टाकून निघालेली कणी विरघळू द्यायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. बंद पडलेल्या एका लॅबमधून मी जुना सूक्ष्मदर्शक आणला होता. तिच्या काचेवर मला लांबच लांब तंतू दिसले. फोटो काढून मी लगेच पाठवून दिला. बाईंचं उत्तर आलं, "रुग्ण काय काम करतात?" मी लिहिलं, शिवणकाम. त्यांनी लिहिलं, "मग हा दोरा आहे. अभिनंदन, शिवण चांगली दिसते."

मी तिला पुन्हा बोलावलं. हात साबणाने धुवायला लावला, पुसला, पुन्हा खरवडलं, आणि या वेळी घाई केली नाही. अर्ध्या तासाने डोळा लावला तर पेशींच्या मधून काचेसारख्या लकाकत्या फांद्या गेल्या होत्या, ठिकठिकाणी पेरं असलेल्या, दोऱ्यासारख्या मुळीच नाहीत. एवढ्या वर्षांत आपण ज्याच्यावर औषध देतो ते मी प्रथमच डोळ्यांनी पाहत होते. तो गेल्यापासून पहिल्यांदा मला काहीतरी कोणाला तरी ओरडून सांगावंसं वाटलं. समोर तीच होती. मी तिलाच बघायला लावलं.

"हे माझ्या अंगावर?" ती डोळा न काढता म्हणाली. "मग मी शेतीच केली म्हणायची!"

आम्ही दोघी हसलो. मी तिला पोटात घ्यायच्या गोळ्या दिल्या, साधं बुरशीचं मलम दिलं आणि सांगितलं, ट्यूब आजपासून बंद.

"साहेबांची ट्यूब बंद? तिनेच तर थांबतं."

"आता नको," मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

त्या दुपारी मी रुग्णाची माहिती लिहून पाठवली. आधीचे उपचार या रकान्यात लिहिलं, 'अन्यत्र घेतले'. हे वाक्य सगळेच डॉक्टर लिहितात. लिहिताना हात अडखळलासुद्धा नाही. आठवड्याने बाईंची टीप आली, "अन्यत्र म्हणजे कुठे? त्या डॉक्टरांना सौजन्याने पत्र लिहून कळवा. प्रत जोडा."

पत्र कोणाला लिहू? समोरचं टेबल मी अजून हलवलं नव्हतं. त्याचं अक्षर आता फक्त त्या कार्डांवर उरलं होतं, आणि तेच कार्ड त्याच्याविरुद्धचा पुरावा होतं. गेलेल्या माणसाचं चांगलंच बोलावं असं आपण सगळ्यांना सांगतो. मी उत्तर दिलं नाही. दोन दिवस फाईल उघडलीच नाही.

तिसऱ्या दिवशी ती आली, ऐन गर्दीच्या वेळी. हात लालभडक, सुजलेले, ओरबाडलेले. ट्यूब सुटली की असं उसळतं हे मला माहीत होतं. मी तिला ते पुरेसं सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं तर कारणही सांगावं लागलं असतं.

"बघा!" तिने दोन्ही हात माझ्या टेबलावर ठेवले. "साहेब होते तेव्हा चार दिवसांत बरं व्हायचं. त्यांच्या हाताला गुण होता. तुम्ही म्हणे अजून शिकता. माझ्यावर शिकता का?"

बाकावरची माणसं आमच्याकडे वळली. एक आजोबा तर माझ्याऐवजी तिच्याकडे बघून मान हलवत होते.

मी ड्रॉवरमधून कार्ड काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

"हो, शिकते," मी म्हटलं. "शिकल्यावर कळलं ते ऐका. ज्या ट्यूबने तुम्हाला चार दिवस बरं वाटायचं, तिनेच ही दादर वाढवली. आता ती सुटली म्हणून उसळलीय. ती ट्यूब दुसऱ्या कोणी नाही, आम्हीच दिली. चूक आमची आहे."

"साहेबांची?" तिचा आवाज खाली आला आणि लगेच चढला. "गेलेल्या माणसावर टाकता होय?"

"हे त्यांचं अक्षर. आणि हे, हे बघा, हे माझं. दोघांची चूक. पण आता ते नाहीत, तेव्हा निस्तरायची मला."

ती कार्डाकडे बघत राहिली. तिला अक्षरं वाचता येत होती की नाही मला माहीत नाही, पण अक्षराची दोन वळणं वेगळी आहेत एवढं दिसत होतं.

"मग आता तुम्ही सांगता ते तरी खरं कशावरून?"

"कशावरून नाही. दोन आठवडे सूज राहील, मग उतरेल. नवरात्रीपर्यंत औषध एक दिवस चुकवायचं नाही. आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन या, त्यांनाही तपासते."

खाजेची गोळी घेऊन ती गेली. परत येईल असं मला वाटलं नाही. नवरात्रीआधी तिचे हात साफ झाले नाहीत तर तिचं गिऱ्हाईक जाणार होतं, आणि माझा शब्द कोणी पुन्हा खरा धरला नसता.

त्या दुपारी मी पत्र लिहिलं. वहीत, पेनाने, आणि पत्ता आमच्याच दवाखान्याचा घातला.

'आदरणीय डॉक्टर, आपल्या एका रुग्णाची प्रकृती कळवण्यासाठी हे पत्र. त्यांना बुरशीचा संसर्ग आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तो स्पष्ट दिसला. आपण दिलेल्या मलमातल्या स्टिरॉइडमुळे तो दबला आणि पसरला. रुग्णाला लवकर आराम पडावा, कामाचा दिवस बुडू नये, हाच आपला हेतू होता हे मी जवळून पाहिलं आहे. मीही दोनदा हेच मलम दिलं आणि कधी शंका घेतली नाही. ते मलम मी बंद केलं आहे, आणि या दवाखान्यात यापुढे ते लिहिलं जाणार नाही. आपल्याला कळवायला उशीर झाला, याचं वाईट वाटतं.'

अशा पत्राखाली उत्तराच्या अपेक्षेत असं लिहायची पद्धत आहे. मी ते लिहिलं नाही. सही केली, फोटो काढला आणि पाठवून दिला. मग खूप रडले, आणि साडेचारला दवाखाना उघडला.

रविवारी बाईंनी मला पत्र मोठ्याने वाचायला सांगितलं. मी वाचलं. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "असं पत्र अजून कोणाला लिहायचंय?" पहिला हात एका तरुण डॉक्टरने वर केला. "मॅडम, मला. पण माझ्या बाबतीत आधीचा डॉक्टरही मीच आहे." मग एकेक करून सगळे हात वर आले. बाईंचा हात शेवटचा होता.

सोमवारी सकाळी दवाखाना उघडायला गेले तर पायरीवर ती बसलेली. बरोबर नवरा, सासू आणि दोन मुली. नवरा खाली बघत होता. पडद्यामागे नेऊन तपासलं तर जांघेत त्याची दादर तिच्यापेक्षा जुनी.

"काय लावता?" मी विचारलं.

"अर्धी ट्यूब ती, अर्धी मी," तो पुटपुटला. "टॉवेलही एकच आहे."

पडद्याबाहेरून सासू कडाडली, "मेल्या, दोन वर्षं लपवून ठेवलंस! आणि मी हिला म्हणत होते, तुझ्या कापडातून आली!"

पाच जणांचे पाच टॉवेल झाले. रोज कपडे गरम पाण्यात, वाळवायचे गच्चीवर उन्हात. दोन आठवड्यांनी सूज उतरली, सांगितलं होतं तशी. गणपती बसले तेव्हा खाज थांबली होती. दर सोमवारी मी फोटो काढत होते. श्राद्धपक्ष आला तोवर कडा विझल्या होत्या, तपकिरी डाग तेवढे राहिले होते. शेवटच्या वेळी खरवडलं, काच तीनदा पाहिली. एकही फांदी नव्हती. एक दोरा मात्र होता, आणि तो दोरा आहे हे मी एका नजरेत ओळखलं.

माझा रुग्ण मान्य झाला. निकाल पहिल्या श्रेणीत आला. बाईंनी खाली एवढंच लिहिलं होतं, "आता शिकवायला लागा." मी ते वाक्य दिवसभर मनात घोळवत फिरले. साठीला आलेल्या बाईने एवढं आनंदून जावं का, असं वाटलं. जावं.

नवरात्रीच्या आदल्या दिवशी मी लहरीपुऱ्यात तिच्या दुकानात गेले. दारात मुलींची दाटी, मशीन थांबत नव्हतं. मला बघताच तिने बाह्या कोपराच्या वर सारल्या, सगळ्यांना दिसतील अशा, आणि फीत माझ्या दंडाभोवती गुंडाळली.

"मी शिवून घ्यायला नाही आले ग," मी म्हटलं.

"उभ्या राहा ने! एक ब्लाउज माझ्याकडून." मग दाराकडे वळून म्हणाली, "ह्या आमच्या डॉक्टर. ह्यांनीच बरी केली. आधी ह्यांनीच बिघडवली होती, तेही तोंडावर सांगितलं."

गर्दीतली एक मुलगी मानेवरची ओढणी जरा सरकवत पुढे आली. "आंटी, मलापण आहे इथे. तुम्ही कुठे बसता?"

मी तोंड उघडायच्या आत तिनेच सांगून टाकलं, "मांडवीला. पण ट्यूब मागू नकोस हं, ओरडतात."