फॉर्मवरचा तीनचा आकडा

सतरा ऑगस्ट, शनिवार, सकाळी अकरा, दवाखान्यातला वर्ग. रक्कम दोन लाख चौदा हजार, मोबाइलवरच्या रमीत मी घालवलेली. हजर: मोठे डॉक्टर, समुपदेशक ताई, अकरा विद्यार्थी, माझी बायको आणि मी.

रक्कम डॉक्टरांनी फळ्यावर लिहिली होती. खाली माझं वय, त्रेपन्न. नाव नव्हतं. तेवढी माणुसकी.

"आठ आठवड्यांत किती वेळा खेळलात?"

"शून्य."

डॉक्टर विद्यार्थ्यांकडे वळले. "लिहून घ्या. जुगारी तोंड उघडतो ते खोटं बोलायलाच. म्हणून घरच्यांना विचारायचं." मग बायकोला, "काय वहिनी, खरं काय?"

बायको म्हणाली, "त्यास्नीच इचारा की. तोंड त्यांचं हाय, माझं न्हवं."

"घ्या! वहिनीपण सामील."

अकराच्या अकरा जण हसले. मी मोजले. ताई हसल्या नाहीत.

मी उचगावात राहतो. फौंड्रीत स्टोअर सांभाळतो. सव्वीस वर्षांत तिथला एक बोल्ट कमी भरला नाही. घरचा मेळ मात्र बिघडवला. लेकीच्या लग्नाची एफडी बायकोला न सांगता मोडली. विचारल्यावर खोटं बोललो. ते खोटं बोलणं सुटावं म्हणूनच त्या दवाखान्यात गेलो होतो.

नुसत्या बोलण्यानं जुगार सुटतो का, हे डॉक्टरांना तपासायचं होतं. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला पुस्तिका आणि महिन्याला एक फोन. दुसऱ्याला दर शनिवारी ताईंबरोबर तासभर बोलणं. माझी चिठ्ठी बोलण्याची निघाली. ताईंनी सांगितलं, हुक्की आली की वीस मिनिटं थांबा, वेळ लिहा, मनात आलं ते लिहा. मी खिशातल्या वहीत लिहीत गेलो. आठ आठवडे एक डाव नाही. कित्येक वर्षांनी खरं बोललो, आणि ते फळ्यासमोर खोटं ठरलं.

त्या दुपारी रंकाळा तलावावर एकटा बसलो. वही खिशात होती. काढली नाही. मोबाइल काढला. त्या आठवड्यात तीनदा खेळलो, सहा हजार गेले. बोट माझंच होतं, ते डॉक्टरांवर ढकलत नाही. घरी सांगितलं. बायको शिलाई मशीन थांबवून म्हणाली, "हे तिथं सांगायचं. हाय तसं."

बाराव्या शनिवारी शेवटचा फॉर्म. ताई लिहीत होत्या, डॉक्टर शेजारी.

"किती वेळा?"

"तीन. एकाच आठवड्यात."

"अहो, एक वाईट आठवडा, तो कशाला धरता?" डॉक्टर म्हणाले. "शून्यच लिहू. तुमची केस छान दिसतेय."

मी उठून उभा राहिलो. एरवी मी जपून बोलतो, त्या दिवशी घरची भाषा आली.

"सायेब, शून्य खरं हुतं तवा तुमी हसलासा. आता तीन खरं हाय, तर शून्य पायजे व्हय?"

"पुढच्या पेशंटांसाठी हे उपचार टिकायला हवेत."

"मग खरं लिवा की. खोट्यावर त्यास्नी कशाला बसवताय?"

ताईंनी तीन लिहिलं. मी शेजारी सही केली.

अजून एक राहिलं होतं. मला दर खेपेला दीडशे रुपये प्रवासखर्च मिळायचा. माझं खरंखोटं करायला बायकोला तीनदा बोलावलं, ती मशीन बंद ठेवून आली, तिला काही नाही. तिचं व्हाउचर झाल्याशिवाय उठत नाही म्हणालो. पाऊण तास बसलो.

खेळावंसं अजून वाटतं. काल दोनदा वाटलं, वहीत आहे. माझा आकडा यापुढे मीच सांगणार, वाईट असेल तर आधी सांगणार. फळ्यासमोर पुन्हा उभा राहणार नाही. तिला माझी साक्षीदार म्हणून उभी करू देणार नाही.

शेवटी दिले गेले चारशे पन्नास रुपये. माझ्या बायकोला. व्हाउचर तिच्या नावाचं, सही तिची.